उघड्या मोटारीचें दार आणि तिची आंच



घराचें दार बाहेरच्यानें आंत येऊं नये म्हणून असतें. उघड्या शर्यती धाटणीच्या मोटारीचें दार मात्र आंतल्यानें बाहेर पडूं नये म्हणून असतें. वर छप्पर नाहीं, बाजूस कांच नाहीं. अशा गाडीच्या दारास कुलूप लावणें म्हणजे भिंत नसलेल्या अंगणाच्या फाटकास कुलूप लावणें होय. तेव्हां चोराची चिंता बाजूस ठेवून मी आज दोनच गोष्टींविषयीं बोलणार आहें. चालत्या गाडींत तें दार मिटलेलें कसें राहील, ही पहिली. आणि इंजिनाच्या आंचेपासून आंतल्या माणसाचा बचाव कसा व्हावा, ही दुसरी. वरवर पाहतां या दोहोंचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु माझ्या मतें दोन्ही दुखण्यांचें मूळ एकच, आणि तें म्हणजे गाडीच्या अंगांत पडलेल्या फटी.

उदाहरणादाखल एम्. जी. टी. सी. ही विलायती गाडी घेऊं. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९४५ पासून १९४९ पर्यंत अशा सुमारें १०,००० गाड्या निघाल्या. १२५० घनसेंटिमीटरचें इंजिन, तारांचीं १९ इंची चाकें, आडवी पाडतां येणारी पुढची कांच, असा तिचा थाट. पोलादी सांगाड्यावर ॲश नांवाच्या झाडाच्या लांकडाची चौकट, आणि त्या चौकटीवर पत्रा. म्हणजे ही गाडी जितकी लोहाराची तितकीच सुताराची. आज तिच्या सर्वांत धाकट्या भावंडानेंही पाऊणशे वर्षें ओलांडलीं आहेत. एवढ्या अवधींत लांकडाचे सांधे सैल होतात, दाराजवळचे खांब तळाशीं ओल धरून कुजतात, आणि बिजागरीचे स्क्रू भोंकांत नुसते फिरूं लागतात.

आतां यांतील खरी मेख पाहा. या गाडीच्या दाराची बिजागरी मागच्या अंगास आहे आणि खटका पुढच्या. बिजागरी पुढें असती, तर वाऱ्यानें दार दाबून धरलें असतें. येथें खटका सुटला कीं वारा दाराच्या पुढच्या कडेखालीं शिरतो आणि तें एका झटक्यांत मागें उलटवितो. दारावर कोपर टेकून बसलेल्या माणसाचें काय होईल, तें सांगावयास नको. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें या जातीची गाडी नीट करून घेतली आहे. खंबाटकीच्या घाटांत तिच्यांतून जातांना त्यानें मला तीनदां बजावलें, "गुरुजी, दाराला टेकूं नका बरें!" त्याचें दार पक्कें होतें, तरीहि त्यानें बजावलें, हें मला फार आवडलें.

दार सुटूं लागलें म्हणजे बहुतेकजण नवा खटका आणावयास धांवतात. खटक्याची जीभ झिजते हें खरें. परंतु समोरचा खांबच दूर सरला असेल, तर नव्या जिभेनें काय साधणार? यासाठीं आधीं एक सोपी परीक्षा करावी. गाडी सपाट जागीं उभी करून दाराभोंवतीं फट किती आहे तें पाहावें. नंतर जॅक लावून पुढचें एक चाक थोडें उचलावें आणि फट पुन्हां पाहावी. ती ठळक बदलली, तर दोष चौकटींत अगर ती सांगाड्यास बांधणाऱ्या बोल्टांत आहे असें समजावें. कुजलेलें लांकूड बदलावें, सांधे आवळावे, चौकटीखालीं योग्य जाडीच्या चकत्या घालून दार सरळ आणावें, आणि मगच खटक्यास हात लावावा.

याखेरीज आंतून चामड्याचा पट्टा बांधण्याची चाल आहे; ती चांगली आहे. मात्र पट्टा एका हातानें तत्काळ सुटेल असाच असावा. अपघातानंतर बाहेर पडतां येणेंहि तितकेंच अगत्याचें आहे. कमरपट्टे बसविणारांनीं ते नुसत्या लांकडांत स्क्रूनें ठोकूं नयेत. झटका बसतांच स्क्रू लांकडासकट उपटून येतील. त्यांचा आधार पोलादी सांगाड्यापर्यंत नेला पाहिजे, आणि हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें.

आतां आंचेकडे वळूं. उघड्या गाडींत वारा भरपूर, मग उकाडा कसला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वारा लागतो तो तोंडाला. पाय असतात इंजिनामागच्या पेटींत. क्लच आणि ब्रेक यांच्या दांड्या ज्या भोंकांतून जातात तेथून, तारांच्या छिद्रांतून आणि तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतून इंजिनाची तापलेली हवा थेट पोटऱ्यांवर येते. रात्रीं गाडीखालीं दिवा ठेवून, वरच्या सतरंज्या काढून आंत पाहावें. जेथें जेथें उजेड दिसेल तेथें तेथें आंचेची वाट आहे. छिद्रांस रबरी कडीं बसवावीं, दांड्यांस चामड्याचे बूट घालावे, फळ्यांच्या सांध्यांत पट्ट्या भराव्या. त्यानंतर आडभिंतीवर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला नमदा लावावा. तो ओला राहूं देऊं नये, नाहीं तर शेजारचें लांकूड कुजून दाराचें दुखणें पुन्हां सुरू होईल. बॉनेटच्या बाजूंच्या झिरण्या मात्र कदापि बुजवूं नयेत, कारण तापलेल्या हवेस बाहेर जाण्यास कोठें तरी वाट हवीच. जुन्या आच्छादनांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. तें खरवडूं नये, जाणकाराकडूनच काढवून घ्यावें.

बाकीचे उपाय घरगुती आहेत. काळ्या चामड्याच्या बैठकीवर पांढरी सुती चादर घालावी, टोपीला हनुवटीखालून नाडी असावी, पुढची कांच पाडल्यास डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि मे महिन्यांत घाट चढावयाचा तो सकाळीं आठाच्या आंत.

एक धोका मात्र उकाड्याहूनहि मोठा आहे. ज्या फटींतून आंच येते, त्यांतूनच धुराच्या नळीचा विषारी वायूहि येऊं शकतो. त्या वायूस वास नसतो. पावसांत टप चढवून, बाजूचे पडदे लावून बसल्यावर डोकें जड झालें अगर मळमळूं लागलें, तर तें उकाड्यावर न घालवितां गाडी थांबवावी, इंजिन बंद करावें, सर्वांनीं खालीं उतरावें. आणि ती नळी व तिचे सांधे तपासून घेईपर्यंत गाडी पुन्हां रस्त्यावर काढूं नये.