देहाचें पुनरुत्थान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पास्काच्या दिवसांत झालेलें भाषण)



महोत्सव आला म्हणजे माणसें मागें वळून पाहतात. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, मुलांना पहिला धर्मपाठ कोणाच्या ओटीवर मिळाला, ह्या गोष्टींची आठवण निघते. परंतु ज्यांचीं नांवें आपण अशा आदरानें घेतों, तीं बहुतेक माणसें आज देवळाजवळच्या मातींत निजलीं आहेत. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहींत जें नांव आढळतें, तेंच पुढें मृतांच्या वहींत आढळतें. मग हा महोत्सव केवळ जिवंतांचा काय? जे गेले, त्यांचा आपल्या आनंदाशीं कांहींच संबंध उरला नाहीं काय? पास्काचा सण ह्याच प्रश्नाचें उत्तर आहे, आणि त्याविषयींच आज चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

कोणी मरण पावलें, म्हणजे समाचाराला आलेलीं माणसें म्हणतात, "देह नाशवंत, आत्मा अमर." हें म्हणणें खोटें नाहीं. आत्मा अमर आहे, असें ख्रिस्तसभाही शिकविते. तथापि एवढ्यावरच जो थांबला, तो पास्काच्या दारापर्यंत आला, पण आंत शिरला नाहीं. ख्रिस्ताचा आत्मा मरणानंतर जिवंत राहिला, इतकेंच प्रेषितांना सांगावयाचें असतें, तर कबर रिकामी असण्याचें प्रयोजन नव्हतें. शुभवर्तमानांतील पुनरुत्थानाची हकीकत तर रिकाम्या कबरेपासूनच सुरू होते.

ती हकीकत नीट वाचावी. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं पहाटे कबरेकडे प्रथम गेल्या त्या स्त्रिया. त्या काळच्या यहुदी समाजांत स्त्रियांच्या साक्षीला फारसें वजन नसे. कोणी कल्पित कथा रचावयास बसला असता, तर त्यानें स्त्रियांना पहिल्या साक्षीदार म्हणून खचित उभें केलें नसतें. संत योहान सांगतात, कीं तागाचीं वस्त्रें कबरेंत पडलीं होतीं आणि मस्तकावरचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेविलेला होता. संत लूक सांगतात, कीं शिष्यांना आपण भूत पाहत आहों असें वाटलें, तेव्हां प्रभूनें खावयास मागितलें आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. थोमाला त्यानें हातांवरचे खिळ्यांचे वण व कुशींतली जखम दाखविली. म्हणजे क्रुसावर जो देह खिळला गेला, तोच देह उठला. परंतु तो लाजरसासारखा उठला नाहीं. लाजरस आपल्या पूर्वीच्याच आयुष्यांत परत आला. त्याला मरण चुकलें नव्हतें. ख्रिस्त पुन्हां मरणार नाहीं. बंद दारें त्याला अडवीत नाहींत, आणि मरणाची सत्ता त्याच्यावर चालत नाहीं.

ही शिकवण जगाला तेव्हांही जड गेली. अथेन्स नगरांत अरीयपगाच्या सभेपुढें संत पौल बोलत असतां विद्वान् लोक ऐकत होते. मृतांच्या पुनरुत्थानाचा शब्द निघतांच कित्येक हसूं लागले. करिंथ येथें तर ख्रिस्ती म्हणविणारे कांहीं जणच म्हणूं लागले, कीं मेलेले उठत नाहींत. त्यांना संत पौलानें इ. स. ५५ च्या सुमारास पत्र लिहिलें. प्रभूच्या मरणाला तेव्हां पुरीं तीस वर्षेंही झालीं नव्हतीं. त्या पत्रांत तो साक्षीदारांचीं नांवें देतो, आणि ५०० हून अधिक बंधूंना प्रभूनें एकाच वेळीं दर्शन दिलें, त्यांपैकीं बहुतेक अद्यापि हयात आहेत, असें बजावतो. जणूं त्यांना जाऊन विचारा, असेंच तो सुचवितो. पुढें तो दाण्याचा दृष्टांत देतो. हा दृष्टांत शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाहीं. मृगाच्या पावसांत भाताचा दाणा मातीआड होतो, त्याचें टरफल कुजतें, आणि मग जें हिरवें रोप वर येतें, तें त्याच दाण्याचें असूनही दाण्यासारखें दिसत नाहीं. आपल्या देहाचेंही असेंच होणार आहे.

हा विश्वास ख्रिस्तसभेनें आपल्या विधींत गुंफून ठेविला आहे. पूर्वी पास्काचा जागरणविधि पवित्र शनिवारीं सकाळींच उरकत असे. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५१ सालीं तो पुन्हां रात्रीं करण्याची परवानगी दिली, आणि अंधाऱ्या देवळांत पास्काची मेणबत्ती शिरते, ह्याचा अर्थ लोकांच्या डोळ्यांना दिसूं लागला. तिच्यावर क्रूस, त्या वर्षाचे आंकडे आणि प्रभूच्या पांच जखमांचे म्हणून धुपाचे पांच दाणे असतात. बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाची मेणबत्ती तिच्यावरच पेटवितात. आणि तेंच बालक म्हातारें होऊन शेवटचें देवळांत आणिलें जातें, तेव्हां त्याच्या शवपेटीजवळ पुन्हां तीच मेणबत्ती उभी असते. धर्मगुरु शवावर पवित्र पाणी शिंपडतात, धूप दाखवितात. आत्मा निघून गेला असतां मागें राहिलेल्या मातीचा एवढा मान कशाला? कारण त्या देहाला बाप्तिस्म्याचें पाणी लागलें आहे, त्यानें प्रभूचा परमप्रसाद सेविला आहे, आणि तो उठणार आहे. आपण बोलतांना जिला सिमेटरी म्हणतों, त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ निजण्याची जागा असाच आहे. १९६३ सालीं ख्रिस्तसभेनें दहनाला मोकळीक दिली, तीही पुनरुत्थानाचा नकार त्यांत नसावा ह्या अटीवर. आणि रक्षा उधळूं नये, पवित्र स्थळीं ठेवावी, असें रोमहून २०१६ सालीं स्पष्ट सांगण्यांत आलें.

आतां, बंधुभगिनींनो, थोडें कटु बोलतों, क्षमा असावी. जो देह उठणार आहे, त्याचा मान कबरेपाशींच सुरू व्हावयाचा काय? आपल्या गांवांत संगमरवरी कबरी वाढत आहेत. त्यांना आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या बापाच्या नांवाचा दगड आपण कोरून घेतों, तो बाप आंतल्या खोलींत दोन वर्षें अंथरुणावर होता, तेव्हां त्याची कूस कोणी बदलली, त्याच्या पाठीला झालेल्या जखमा कोणी पुसल्या? भाऊ-भाऊ जमिनीच्या वांट्यासाठीं कचेरीचे उंबरठे झिजवीत असतां आईच्या तोंडांत पेज घालण्याची पाळी कोणाची, ह्यावरून घरांत भांडण होतें. मेल्यावर जे हात आपण रडत रडत चुंबितों, तेच हात जिवंतपणीं थरथरूं लागले, म्हणजे आपणांस जड होतात. असा मनुष्य श्रद्धांगीकारांत देहाचें पुनरुत्थान म्हणतो तरी कोणत्या तोंडानें?

आणि जीं खरोखर शोकांत आहेत, त्यांनाही एक शब्द. लाजरसाच्या कबरेपाशीं प्रभु स्वतः रडला. तेव्हां आपल्या माणसासाठीं रडणें हें अश्रद्धेचें लक्षण नव्हे. ज्या मातेनें आपलें लेंकरूं मातींत ठेविलें, तिला आम्ही उगाच गप्प राहावयास सांगत नाहीं. तिनें एवढेंच पाहावें, कीं पुनरुत्थित प्रभूच्या अंगावरचे वण पुसले गेले नव्हते. प्रीतीनें जें सोसलें, तें देव टाकून देत नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही दोन गोष्टी मागतों. पास्काचे ५० दिवस संपण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या आळींतील एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जावें, आणि नुसती चौकशी न करितां कांहीं सेवा करावी. ज्या भावांचें बोलणें बंद आहे, त्यांनीं एका संध्याकाळीं आईबापांच्या कबरेपाशीं एकत्र उभें राहून प्रार्थना करावी. तीं आईबापें व आपण एकाच धर्मग्रामाचे आहों, आणि त्यांना पुन्हां समोरासमोर भेटावयाचें आहे.

मरणावर जय मिळविलेला प्रभु येशू ख्रिस्त आपल्या घरांवर, आपल्या आजाऱ्यांवर व आपल्या मृतांवर कृपादृष्टि ठेवो. आमेन.