अदृश्य रंगभूमीवरील मीनावहिनी

(शिरूर येथे, शिरूर व दौंड तालुक्यांतील कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या अभिनेत्रीविषयी मी बोलणार आहे, तिला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही. ऐकले मात्र आहे. समोर बसलेल्या ज्येष्ठांना मी ‘नीलम प्रभू’ असे नाव सांगितले, तर कदाचित क्षणभर विचार करावा लागेल. ‘मीनावहिनी’ म्हटले, की चेहऱ्यावर हसू उमटेल. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ आणि नंतरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतील त्या मीनावहिनी. कलावंताचे नाव पुसून त्याच्या भूमिकेचे नाव घराघरांत राहावे, हा गौरव आहे आणि थोडा अन्यायही आहे. त्या दोहोंचा आज विचार करू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्य हा आठ रसांपैकी एक मानलेला आहे. संस्कृत नाटकांत तो रस मुख्यतः विदूषक सांभाळतो, आणि विदूषक पुरुष असतो. मराठी मातीतला आपल्या सर्वांच्या परिचयाचा विनोद म्हणजे गण-गवळणीतील मावशी. शिरूर-दौंडच्या यात्रा-जत्रांत ज्यांनी तमाशाचे फड पाहिले आहेत, त्यांना ती मावशी वेगळी सांगायला नको. ती बोलते स्त्रीच्या तोंडची भाषा, नेसते लुगडे. पण ती असते पुरुष! फडावर नाचायला, गायला स्त्री होती. लोकांना हसवण्याचे काम मात्र तिच्या नावाने पुरुषच करीत होता.

आपल्या स्त्रियांना विनोदबुद्धी नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. जात्यावरच्या ओव्यांत, मंगळागौरीच्या खेळांत सासू, नणंद, दीर यांची जी फिरकी घेतली जाते, ती ऐकणाऱ्यास ठाऊक आहे. परंतु तो विनोद माजघरातला. चारचौघांत, घरातल्या वडीलधाऱ्यांसमक्ष, कुलीन स्त्रीने हसवावे आणि सर्वांनी मोकळेपणाने हसावे, ही गोष्ट व्हायला एक नवे साधन यावे लागले. ते साधन म्हणजे रेडिओ.

मुंबईत १९२७ साली नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली. रेडिओला त्या काळी पोस्टातून वार्षिक परवाना काढावा लागे, त्यामुळे तो सुखवस्तू घराची खूण होता. गावाला तो ठाऊक झाला सामुदायिक श्रवणातून. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. ट्रान्झिस्टर आल्यावर हा आवाज चावडीवरून घरात आला आणि ओसरीवरून थेट चुलीपाशी पोहोचला. तेथे त्याची गाठ पडली ती गृहिणीशी.

अशा श्रोत्यांना मीनावहिनी भेटल्या. ‘पुन्हा प्रपंच’ची माणसे मोजून तीन. प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी. कुडतरकर २०१८ साली गेले, तेव्हाही वृत्तपत्रांनी त्यांची ओळख टेकाडे भावजी म्हणूनच करून दिली. विषय रोजच्या संसारातले. नवरा, बायको आणि घरोब्याचे भावजी एवढ्याच सामग्रीवर तो खेळ रंगत असे. नात्याची नावे पाहा. वहिनी आणि भावजी! दीर-वहिनीच्या नात्यातील थट्टा आपल्या कुटुंबव्यवस्थेनेच मान्य केलेली आहे. त्या थट्टेला मर्यादा आहे, म्हणूनच तिला मोकळीकही आहे. सासरे आणि सून एकाच वेळी, एकाच घरात, न अवघडता हसू शकत, याचे कारण हे आहे.

या कलेची कठीण बाजू आपण सहसा लक्षात घेत नाही. रंगमंचावरचा नट विनोदी वाक्य टाकतो आणि थांबतो. प्रेक्षकांचा हशा ओसरला की पुढे जातो. स्टुडिओत प्रेक्षक नसतात. हशा कोठे येईल, किती वेळ टिकेल, याचा अंदाज मनाशी बांधूनच थांबावे लागते. थांबणे किंचित लांबले तर श्रोत्याला वाटते, केंद्र बंद पडले. किंचित कमी झाले तर पुढचे वाक्य हशात बुडते. हातात संहिता असते, पण पान उलटल्याची सळसळ ऐकू जाता कामा नये. मायक्रोफोनपासून दोन पावले मागे सरकले, की वहिनी स्वयंपाकघरात गेल्या असे श्रोता समजतो. लटका राग, समजूत, कौतुक, कोपरखळी, सारे केवळ श्वासाच्या आणि स्वराच्या चढउतारांतून. नीलम प्रभू यांच्या आवाजात ही किमया होती.

विनोद त्यांच्या घरीही नांदत होता. त्यांचे पती बबन प्रभू म्हणजे ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांचे लेखक. पुढे संगीतकार यशवंत देव यांच्याशी विवाह झाल्यावर नीलमताई करुणा देव या नावाने ओळखल्या गेल्या. नावे बदलली, श्रोत्यांच्या मनातील मीनावहिनी बदलल्या नाहीत.

आता चित्रपटाकडे पाहू. तेथे कॅमेरा स्त्रीच्या देहाकडे पाहतो, आणि विनोदही बहुधा त्या देहावरच रचला जातो. उमादेवी या गायिकेने ‘दर्द’ (१९४७) मध्ये गाऊन देशभर नाव मिळवले. पुढे त्याच पडद्यावर टुणटुण म्हणून आल्या आणि आयुष्यभर त्यांच्या स्थूलतेवर लोक हसले. एका स्त्रीचा आवाज ऐकून जो समाज तल्लीन झाला, तोच तिला पाहून हसू लागला. त्यांनी ते हसतमुखाने स्वीकारले, यात त्यांचा मोठेपणा. आपला मोठेपणा त्यात दिसत नाही.

याला सन्माननीय अपवाद मराठी घरातूनच मिळाला. शुभा खोटे या नंदू खोटे यांच्या कन्या आणि दुर्गाबाई खोटे यांच्या पुतणी. सायकलिंग आणि पोहण्यात त्यांनी विजेतेपदे मिळवली होती. ‘सीमा’ (१९५५) मधून त्या पडद्यावर आल्या, तो त्यांचा सायकलस्वारीचा प्रसंग अजून स्मरणात आहे. पुढे ‘ससुराल’ (१९६१), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६) अशा चित्रपटांत मेहमूद यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. तिसरे होते आपले धुमाळ. मेहमूद यांच्यासारखा पडदा व्यापणारा नट समोर असताना त्या कोठेही फिक्या पडल्या नाहीत. त्यांचा देह चपळ होता आणि त्यांच्या विनोदाचे ते साधन होते. विनोदाचे लक्ष्य तो कधीच नव्हता.

आज दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसली की हशा ठरलेला. मावशी पुन्हा परतली आहे, पण गवळणीतील तिची तल्लख जीभ घरीच ठेवून! निर्मिती सावंत, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांच्यासारख्या अभिनेत्री स्वतःच्या निरीक्षणावर आणि बोलीवर हसवतात, तेव्हा मला मीनावहिनींची परंपरा जिवंत दिसते. घरात कार्यक्रम लावताना एवढेच तपासावे की आपण कोणाबरोबर हसतो आहोत आणि कोणाला हसतो आहोत. समोर बसलेली मुले नेमका तोच पाठ उचलतात.

शेवटची गोष्ट. आकाशवाणीवर ध्वनिफीत मोलाची असे. प्रक्षेपण झाले की अनेकदा तिच्यावरच नवे मुद्रण होई. त्यामुळे घराघरांना हसवणारे कितीतरी आवाज हवेत विरून गेले. ते परत आणता येणार नाहीत. परंतु शिरूरच्या पेठेत, दौंडच्या रेल्वे वसाहतीत असे आजी-आजोबा आहेत, ज्यांना ती वाक्ये, त्या लकबी आठवतात. घरातील मुलांनी भ्रमणध्वनीवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. त्यात मीनावहिनी सापडतील आणि आपली आजी कशाला हसत होती, हेही नातवंडांना कळेल.