रेषा कुणाच्या हातात?

(बीड जिल्ह्यात चित्रांची शिबिरं घ्यायला निघालेल्या तरुण चित्रकारांपुढं केलेलं भाषण)



'चित्रकारानं समाजासाठी काय करावं' असा विषय तुम्ही मला दिलाय. मला तो मान्य नाही. चित्रकार समाजाबाहेर राहतो आणि शनिवार-रविवार समाजात जाऊन येतो, असं त्यात गृहीत धरलंय. मी पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतो. गवंडी भिंत बांधतो, मी रेषा ओढतो. तेव्हा धंद्याच्या भाषेत बोलू.

आजवर आपली चित्रं कुणी काढली? १९४९ साली शंकर यांनी एक व्यंगचित्र काढलं. राज्यघटनेची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले आणि मागं नेहरू चाबूक घेऊन उभे. ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शिरलं, २०१२ साली संसदेत त्यावरून रान उठलं. पुढं उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकारानं १९३२ ते १९४८ या काळातल्या वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं हुडकून काढली. २०१९ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते पाहिलं की कळतं, एका गोगलगायीचा हा प्रश्न नव्हता. एक चित्र पुस्तकातून फाडता येतं. काढणारा हात तोच राहिला तर उद्या दुसरं येतं.

आता दुसरा हात बघा. २०११ साली 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. बाबासाहेबांचं आयुष्य रंगवताना त्यांनी माणसं चौकोनी खोक्यांत कोंडली नाहीत. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली, मायेनं बोलणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा आकार दिला. ही अक्कल कुठल्या आर्ट स्कूलनं शिकवली नाही. ती त्यांच्या घरच्या भिंतीवर होती. शिबिर घ्यायला जाताय ना? मग एवढं डोक्यात ठेवा. समोरच्याच्या भिंतीवर काय आहे ते आधी बघा, मग आपला खडू बाहेर काढा.

आता बीड. इथं शिबिराची तारीख तुमच्या डायरीवरून ठरत नाही, उसावर ठरते. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. कारखान्याजवळ कोपी उभी राहते. लेकरं बरोबर जातात, नाहीतर म्हाताऱ्यांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात गावच्या शाळेत शिबिर लावाल तर ज्यांच्या नावानं पैसे आणले तीच पोरं तिथं नसणार. फोटो मात्र झकास निघतील! तेव्हा एक तर पावसाळ्यात गावात जा, नाहीतर हंगामात वसतिगृहात जा, फडावर जा. फडावर गेलात तर पहाटे तोडणीला निघालेल्या बाईला थांबवू नका. तिची मोळी मोजली जाते, तुमचं चित्र मोजलं जात नाही.

बाईवरून आठवलं. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलं, की जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. हे जगाला कळायलाच हवं होतं. पण तेव्हापासून शहरातून येणारा जो तो कलावंत तिच्याकडं एकच चित्र मागतो : पोट दाखव, दुःख दाखव. का रं बाबा? तिला बैल काढायचा असेल. बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावायचा असेल. लेकीला पोलिसाच्या वर्दीत काढायचं असेल. काय काढायचं ते ती ठरवील. पोटाचं सांगायचं असेल तर तेही ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा.

साहित्याचं म्हणाल तर खर्चाचं नाव काढू नका. वर्ल्ड कॉमिक्स इंडियावाल्या शरद शर्मांनी देशभर एक साधी रीत रुजवली. चार चौकटी, एक गोष्ट, काळी शाई. दोन कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची आणि गावातच चिकटवायची : पाराजवळ, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर. उचल कशी फिटत नाही, मुकादम हिशोब कसा दाखवतो, हे चार चौकटींत मावतं. ज्यानं वाचायचं त्याच्याच वाटेवर ते लागतं.

आणि कागद टिकत नसेल तर कापड घ्या. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहिलं. त्या पासोडीला कुणी चिंधी म्हणत नाही, ग्रंथ म्हणतात. मग आमच्या आईच्या जुन्या लुगड्यावर पोरांनी हंगामाचा सगळा रस्ता रंगवला तर तो ग्रंथ का नाही? कापड घडी घालून गाडीत टाकता येतं. पावसानं भिजलं तर वाळत घालता येतं. कोपीत आडोसा म्हणूनही बांधता येतं.

आता पैशाचं. 'समाजकार्य आहे, मानधन कशाला' असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मंडपवाल्याला ते पैसे देतात, माइकवाल्याला देतात, चित्रकाराला हार घालतात. हार नको, बिल द्या म्हणा. फुकट शिबिर घ्यायला ज्याच्या घरी जमीनजुमला आहे तोच येऊ शकतो. वस्तीतल्या पोरानं फुकट काम करायचं ठरवलं तर सहा महिन्यांत तो ब्रश ठेवून नोकरी शोधील, आणि रेषा पुन्हा त्याच जुन्या हातात जाईल. म्हणून पैसे मागणं ही चळवळीशी गद्दारी नाही. पण घेतलेल्या पैशातला वाटा गावात राहिला पाहिजे. फ्लेक्स आल्यावर पाट्या रंगवणाऱ्या किती पेंटरांचं काम गेलं! त्यातला एखादा तालुक्याच्या गावाला गाठा. अक्षराचं वळण त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्याला शिबिरात शिकवायला उभा करा आणि तुमच्याइतकंच मानधन द्या.

शेवटचं. पोरानं काढलेल्या चित्राखाली पोराचं नाव पाहिजे. चित्र मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात न्यायचं असेल तर आधी त्याला आणि त्याच्या आईबापाला विचारा. विकलं गेलं तर पैसे त्याचे. मूळ चित्र गावात, झेरॉक्स तुमच्याकडं. उलटं करणारा माणूस आणि मुकादम यांच्यात मला फरक दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी त्या गावातलं शिबिर तिथल्याच पोरीनं घेतलं आणि तुम्हाला बोलावणं आलं नाही, तर रागावू नका. तुमचं काम झालं.

जयभीम.