दुकानदार उमेदवार आणि त्याची वही



तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची निवडणूक जाहीर झाली की भुसार मालाचा व्यापारी, वीटभट्टीचा मालक, औषधांचा दुकानदार, छापखान्याचा चालक, यांपैकी कोणी ना कोणी नगराध्यक्षपदासाठी उभा राहतोच. यात वावगे काही नाही. दुकानदार रोज गावाच्या दृष्टीसमोर असतो, जमाखर्च त्याला कळतो, आणि गटार तुंबले तर त्याची दुर्गंधी त्याच्या गल्ल्यापर्यंत येते. अशा माणसाने गावाचा कारभार पाहण्याची इच्छा धरावी, हे लोकशाहीला पोषकच आहे. परंतु या इच्छेबरोबर कोणती जबाबदारी येते, याचा विचार उमेदवाराने आणि मतदाराने, म्हणजे आपण सर्वांनी, केला पाहिजे. वकिलीच्या व्यवसायात जे पाहिले त्यावरून त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम पदाचे स्वरूप ध्यानात घ्या. महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक आपल्यातून निवडतात आणि तेथील कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे असते. नगरपरिषदेची गोष्ट निराळी आहे. २०१६ साली नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडे आली, २०२० साली ती नगरसेवकांकडे परत गेली, आणि २०२२ साली पुन्हा मतदारांच्या हाती आली. डिसेंबर २०२५ मधील निवडणुका याच पद्धतीने झाल्या. रोजची अंमलबजावणी मुख्याधिकारी करीत असला, तरी सभेचे आणि स्थायी समितीचे अध्यक्षस्थान नगराध्यक्षाचे असते. कोणता रस्ता आधी आणि कोणती वस्ती मागाहून, हे ठरविण्यात त्याच्या शब्दाला वजन असते. म्हणूनच या खुर्चीसाठी पैसा ओतला जातो.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा व्यापारी उमेदवाराला काही बंधने घालतो. नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा भागीदारामार्फत हितसंबंध आहे, तो अपात्र ठरतो; किरकोळ अपवाद कायद्याने ठेविले आहेत. नगरपरिषदेची थकबाकी हीही अपात्रतेची बाब आहे. निवडून आल्यावर अनधिकृत बांधकाम उघडकीस आले तर पद जाऊ शकते. दुकानापुढे ओटा वाढविणाऱ्यांनी हे विसरू नये. शिवाय उमेदवाराला मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. या अटी पाळणारा मनुष्य कायद्याने पात्र ठरतो. परंतु पात्र असणे आणि योग्य असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर दुकानाच्या वहीत सापडते.

वहीला दोन बाजू असतात, येणे आणि देणे. आधी येणे पाहू. गावातील मोलमजुरी करणारी कुटुंबे उधारीवर जगतात. पाऊस लांबला, काम मिळाले नाही, मूल आजारी पडले, की त्यांची नावे वहीत वाढतात. तोच दुकानदार मते मागावयास दारात उभा राहिला तर त्या कुटुंबाने काय समजावे? “मत द्या, उधारी सोडतो,” असे तो म्हणाला तर ती लाच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये निवडणुकीतील लाच आणि कलम १७१ मध्ये मतदारावरील गैरवाजवी दडपण हे गुन्हे सांगितले आहेत. परंतु त्याने तोंडातून शब्दही न काढता केवळ वही उघडून बसावे, म्हणजे काय? स्वतःचे येणे मागणे हा गुन्हा नव्हे, आणि न बोललेली धमकी न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण. येथे कायद्याचा हात तोकडा पडतो.

आता देणे पाहा, कारण आपल्या समाजाचा संबंध येथे अधिक येतो. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगराध्यक्षपदांतही आरक्षणाची वाट मोकळी केली. पद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, की गावातील धनिक कंत्राटदारांना स्वतः उभे राहता येत नाही. मग ते आपल्यातला एखादा छोटा दुकानदार शोधतात. त्याच्या दुकानाचा माल त्यांच्या उचलीवर भरलेला असतो, गाळा त्यांच्या मालकीचा असतो, प्रचाराची गाडीही त्यांचीच असते. तो निवडून येतो, गुलाल उधळला जातो, आणि पहिल्याच सभेत कामे कोणाला द्यावयाची याची यादी दुसऱ्याच्या घरून येते. हातउसन्या पैशाची नोंद शपथपत्रात उतरेलच, अशी खात्री कोण देणार? राखीव खुर्चीवर बसलेल्या माणसाची वही परक्याच्या तिजोरीत असेल, तर ती खुर्ची आपल्याला मिळाली असे म्हणता येईल काय?

व्यापारी नगरप्रमुखाचे एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. जोसेफ चेंबरलेन हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराचा स्क्रूचा कारखानदार १८७३ साली तेथील महापौर झाला. पुढच्याच वर्षी त्याने कारखान्यातील आपला हिस्सा विकला. खाजगी कंपन्यांच्या ताब्यातील गॅस १८७५ साली आणि पाणी १८७६ साली त्याने नगराच्या मालकीचे केले. हिशेब जाणणारा मनुष्य नगरासाठी काय करू शकतो, याचा हा पुरावा होय. परंतु त्याच्याच कारकिर्दीत गलिच्छ वस्त्या पाडून नव्या रस्त्याची योजना आखली गेली. तेथे दुकाने आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. उठविलेल्या गरिबांसाठी घरे मात्र फारच थोडी झाली. नफ्याचा हिशेब त्याने नगरासाठी मांडला, पण ज्यांची घरे गेली त्यांचा हिशेब अपुराच राहिला.

आपल्याकडचे उदाहरणही त्याच काळातले आहे. महात्मा जोतीराव फुले हे कंत्राटदारीचा व्यवसाय केलेले गृहस्थ होते, आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. सरकारनियुक्त सभासद असूनही सरकारची भीड त्यांनी धरली नाही. व्यवसाय करणाऱ्याला स्वतंत्र राहता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरेसे आहे.

तेव्हा आपल्यातील जो दुकानदार उभा राहू इच्छितो, त्याला माझे सांगणे असे. दुकान विका असे मी म्हणत नाही. ते आपल्या मुलाबाळांचे अन्न आहे. परंतु अर्ज भरण्यापूर्वी वस्तीची सभा बोलवा आणि आपण कोणाचे किती देणे लागतो ते उघड सांगा. निवडणुकीच्या काळात उधारी सोडू नका आणि त्या निमित्ताने मागूही नका. आपल्या धंद्याशी संबंध असलेला विषय सभेत आला, तर खुर्ची सोडून बाहेर जा.

आणि मतदारहो, उधारी आपण फेडावी, कारण ते आपले देणे आहे. मत हे देणे नव्हे. प्रत्येकास एक मत आणि प्रत्येक मताचे एकच मूल्य, हे तत्त्व राजकारणात आले तरी सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ती विषमता दुकानाच्या वहीत आजही लिहिलेली आहे. परंतु मतदान गुप्त आहे. यंत्राचे बटण दाबताना ती वही दुकानातच राहते. तेवढ्या एका क्षणी सावकार आणि ऋणको समान असतात. तो क्षण कोणालाही उधार देऊ नका.

जय भीम.