संगणक तारीख विसरतो तेव्हा
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी आरोग्यावर बोलते, कोणी पाककृतींवर. यंदा कार्यकारिणीने मला आपल्या कचेरीतल्या संगणकाविषयी बोलावयास सांगितले आहे. विषय रूक्ष खरा. पण गेल्या मार्चमध्ये त्याने आपल्यात जो गैरसमज उत्पन्न केला, तो पाहता टाळण्यासारखा नाही.

झाले होते असे की, बचतगटाच्या काही पावत्यांवर १ जानेवारी २०१५ ही तारीख छापून आली. आपली यादी तारखेच्या क्रमाने निघते. त्यामुळे ते हप्ते जुन्या वर्षात जाऊन बसले आणि मार्चच्या रकान्यात एका भगिनीच्या नावापुढे काहीच दिसेना. तिने पैसे भरले होते, पावती तिच्या पिशवीत होती. तरी चारचौघींत तिला "तुमचा हप्ता राहिला" असे ऐकून घ्यावे लागले. पावती काढून दाखवली, तर तिच्यावरही तीच जुनी तारीख! पैशाच्या व्यवहारात तारखेला सहीइतकेच मोल असते.

दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी पेटी न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला, आता नवा संगणक घ्या." आता तुम्हीच सांगा, कुकरची शिटी होईना म्हणून कोणी कुकर मोडीत घालते का? आधी आपण रबर पाहतो, मग शिटीचे भोक पाहतो. येथेही तसेच करावयाचे.

मदरबोर्ड म्हणजे पेटीतली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकीचे सारे भाग बसवलेले असतात. तिच्यावर एक लहानसे घड्याळ असते. मनगटी घड्याळात असतो तसाच गारेचा स्फटिक त्यात असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ते कंप मोजून घड्याळ चालते. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर संगणक बंद असला तरी या घड्याळाला तेथून वीज मिळते. बटण बंद केले, की त्याला पाटीवरच्या रुपयाएवढ्या सेलवर राहावे लागते. फार पूर्वी हीही सोय नव्हती. आयबीएम कंपनीचा १९८१ सालचा संगणक चालू केला, की दर वेळी तारीख हाताने घालावी लागे. सेलवर चालणारे घड्याळ त्यांनी १९८४ च्या नमुन्यात पाटीवरच बसवले.

सेल वर्षानुवर्षे टिकतो. पण आपण गृहिणी रात्री निजताना भिंतीवरची सगळी बटणे बंद करतो, आणि ते योग्यच आहे. फक्त त्यामुळे सेलवरचा भार वाढतो आणि तो लवकर संपतो, इतकेच.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की संगणक तारीख विसरतो केव्हा? आम्ही आठ दिवस त्याच्याशेजारी वही ठेवली. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले होते की नाही आणि सकाळी संगणकाने वेळ काय दाखवली, एवढेच तीत लिहायचे. आठ दिवसांनी स्पष्ट दिसले. बटण चालू ठेवले त्या सकाळी तारीख बरोबर, बंद केले त्या सकाळी १ जानेवारी २०१५. म्हणजे दोष सेलचा. ही वही नसती, तर आम्हीही नव्या संगणकाचे भाव विचारत फिरलो असतो.

तुमच्या घरी निराळे दिसेल, तर अर्थही निराळा. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल निर्दोष आहे. संगणक भारताची वेळ न धरता ग्रिनिचची धरून बसला आहे, ती व्यवस्था बदलावी. महिन्याला मिनिटभर मागेपुढे होत असेल, तर काळजी नको, तेवढे स्फटिकाचे चालतेच. चालू असतानाच घड्याळ रेंगाळत असेल, तर मात्र दोष दुसरीकडे आहे, तेथे जाणत्याला बोलवावे. घरी इंटरनेट असेल, तर संगणक बाहेरून वेळ आणून आपली चूक झाकतो आणि दोष उशिरा कळतो. कधी उलटेही होते. प्रत्येक संकेतस्थळाजवळ ठरावीक मुदतीचा दाखला असतो. २०१५ सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचा दाखला अजून सुरूच झालेला नाही असे वाटते, आणि विजेचे बिल भरावयास गेलो की तो "येथे धोका आहे" म्हणून अडून बसतो.

सेलचे नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. घड्याळजीकडे मिळतो आणि चहा-भज्यांच्या खर्चात येतो. बदलण्यापूर्वी संगणक नीट बंद करून वायर काढावी. आपल्या अंगातली विजेची ठिणगी जावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. जुना सेल कसा बसला आहे ते पाहून ठेवावे. अधिकचे चिन्ह बहुधा वरच्या बाजूस असते. कडेची खिटी नखाने दाबली, की सेल उचलला जातो. पिन किंवा चिमटा घालू नये. डिस्कला कुलूप घातलेले असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्यावी, कारण सेल काढल्यावर संगणक ती विचारू शकतो. नंतर चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबावे, तारीख-वेळ घालावी आणि जपून ठेवावी. नवा सेल घालूनही विसर पडला, तर सेलची पकड सैल आहे का ते पाहावे. मदरबोर्डला दोष देण्याची पाळी त्यानंतर.

आपल्या जुन्या सेलमध्ये मीटरवर २ व्होल्टही भरले नाहीत. नवा घातल्यापासून तारीख चुकलेली नाही. चुकीच्या पावत्या आपण फाडल्या नाहीत. त्यांवर शाईने खरी तारीख घालून दोघींच्या सह्या केल्या, तशी नोंद वहीत घेतली, आणि त्या भगिनीचा हप्ता वेळेवर आला होता हे पुढच्या सभेत वाचून दाखवले.

आता लहान मुलांच्या आयांसाठी. हा सेल गोळीसारखा चकचकीत दिसतो आणि मूल तो तोंडात घालते. अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या विजेने तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजते. संगणकाला न पुरणाऱ्या सेलमध्येही एवढा जोर उरलेला असतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, सेलचे वेष्टन बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. आपला जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून कचेरीच्या कपाटात वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला आहे. तुमच्याकडचे संपलेले सेल तसेच पट्टी लावून आणून द्या, म्हणजे ई-कचरा घेणाऱ्यांकडे सारे एकदमच पाठवता येतील.