रोग हाल्याला, औषध पखालीला



बचत गटाचं काम आता वहीपुरतं राहिलेलं नाही. ठराव, बँकेच्या कर्जाचे अर्ज, सदस्यांच्या याद्या, सगळं छापून द्यावं लागतं. प्रभागसंघाच्या कार्यालयातला प्रिंटर बंद पडला की कर्जाची फाइल अडते आणि फाइल अडली की कुणाची तरी पेरणी नाहीतर शिलाई मशीन अडतं. दुरुस्तीसाठी नांदेडला न्या की लातूरला, एक दिवस आणि गाडीभाडं गेलंच. म्हणून आज बोलू लेझर प्रिंटरबद्दल.

आमच्या कार्यालयात एका वर्षात एकच भाग तीनदा बदलला, फ्यूजरची फिल्म. या प्रिंटरमध्ये ओली शाई नसते, बारीक पूड असते. तिला टोनर म्हणतात. ड्रमवरून ती कागदावर येते आणि फ्यूजर तिला 200 अंशांच्या आसपास तापवून कागदाला चिकटवतो. फ्यूजरवरची पातळ फिल्म फाटली की पान खराब होतं, कागद अडकतो.

तिसऱ्या बिलाच्या वेळी आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "हप्ता थकला तर आपण का थकला ते विचारतो. मग यालाही विचारू की." त्यांनी दुरुस्तीची बिलं आणि जावक रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. तिन्ही वेळा त्याच आठवड्यात कर्जाचे अर्ज गेलेले! अर्जाची पुढची बाजू छापायची, सदस्याचा फोटो चिकटवायचा आणि मग तोच कागद मागची बाजू छापायला परत प्रिंटरमध्ये घालायचा, अशी पद्धत पडली होती. फोटोचा गोंद आत वितळून फिल्मला चिकटत होता. काही अर्जांवर तर फोटोला पिन मारलेली. आता दोन्ही बाजू आधी छापतो, फोटो नंतर लावतो. तेव्हापासून फिल्म टिकली आहे.

आपल्याकडे म्हणतात ना, रोग हाल्याला आणि औषध पखालीला, तसंच हे. एखादा भाग एकदा गेला तर झिजला म्हणा. तोच भाग पुन्हा पुन्हा जात असेल, तर कारण त्या भागाच्या बाहेर शोधा.

काही खुणा सांगते, लिहून घ्या.

अक्षर बोटानं पुसलं जातंय? मग टोनर नीट तापलेला नाही. फ्यूजर बिघडलेला असेल, पण आधी कागद दमट किंवा फार जाड आहे का ते बघा. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका.

पानावर सारख्या अंतरानं डाग पडतोय? पट्टीनं मोजा. अनेक छोट्या प्रिंटरांत ड्रमचा एक फेरा सुमारे 75 मिलिमीटरचा असतो. डाग तेवढ्याच अंतरावर असेल, तर ड्रमवर संशय घ्या, फ्यूजरवर नको.

कागद आत ओढला जात नाही? आपल्याकडे धूळ फार. रबराचा रोलर बदलण्याआधी, प्रिंटर बंद करून, किंचित ओल्या सुती कपड्यानं तो पुसून बघा.

बोर्ड वारंवार जळतोय? विजेकडे बघा. फ्यूजर तापताना बरीच वीज एकदम ओढतो. म्हणून लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. अर्थिंग आणि व्होल्टेज वायरमनकडून तपासून घ्या.

अडकलेला कागद सुरीनं किंवा चिमट्यानं ओरबाडू नका. प्रिंटर बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या, दोन्ही हातांनी हळू ओढा. ड्रम उन्हात ठेवू नका, सांडलेली पूड फुंकू नका.

आणि प्रिंटरची एक वही ठेवा. तारीख, तेव्हा काय छापत होतो, कोणता कागद होता, कोणता भाग बदलला, किती पैसे गेले. अनेक प्रिंटर आतापर्यंत किती पानं छापली तो आकडाही छापून देतात, तोही लिहा. काढलेला जुना भाग मागून घ्या. तो फाटला, वितळला की झिजला, हे त्याच्याकडे बघूनच कळतं.

हिशेब ठेवणं आपल्या बायांना नवीन नाही. गटाच्या पैशाचा ठेवतो तसा गटाच्या यंत्राचाही ठेवू. कारागीर "हा भाग बदलावा लागेल" म्हणाला की त्याला आधी विचारा, "हा गेला कशानं?" उत्तर वहीत लिहा आणि मगच पैसे द्या.