प्रयोगाची आखणी आणि मांडणी

हैदराबादेतील गौलीगुड्याच्या एका अंगास अफझलगंज, तर दुसऱ्या अंगास रेसिडेन्सीची जुनी वास्तू. या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी निजाम सरकारच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग चालविले. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास बंद पडून की हृदय थांबून, हा त्यांचा प्रश्न होता. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना धाडले. निर्णय निःशंकपणे जाहीर झाला : धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही.

पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, गुंगी हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते. हैदराबादच्या प्रयोगांचा मुख्य भर अतिमात्रेवर होता. प्रयोग थोडे नव्हते. आखणी अपुरी होती आणि मांडणी प्रयोगांच्या पलीकडे गेली होती.

जीववैद्यकाच्या विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपले अनुमान कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल, हे आधी लिहून काढावे आणि ती परिस्थिती प्रयोगात आणावी. सभेपुढे प्रश्न, पद्धती, निष्पत्ती व मर्यादा या क्रमाने बोलावे आणि मर्यादा सांगताना आवाज खाली घेऊ नये. कारण ऐकणाऱ्यांतील एखादा वैद्य त्याच शब्दांवर विसंबून उद्या रोग्याला गुंगी देणार असतो.